साताऱ्याचा वर्ग

हमीदभाई,

त्या सोमवारी दुपारी डॉक्टरांनी मला विचारलं, "पेशंट कोणकोणती औषधं घेतात?"

मी म्हणाले, "ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या, सकाळी आणि रात्री. बाकी काही नाही."

डॉक्टर तरुण होते, पण कसून विचारणारे. "नक्की? दुसरं कुठलंही औषध सुरू नाही?"

मला थोडा रागच आला. म्हणाले, "अहो, सव्वीस वर्षं ओळखते मी यांना. शिवाय मी स्वतः सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. औषधं लपवणारी माणसं रोज बघते. हे त्यातले नाहीत."

त्यांनी कागदावर तसं लिहून घेतलं. तुम्ही आत होतात. मेंदूत रक्तस्राव झाला होता, शुद्ध नव्हती, डावा हात पांघरुणाबाहेर राहिला होता. तीन दिवस तुम्ही तसेच पडून होतात आणि चौथ्या दिवशी सकाळी गेलात. त्या तीन दिवसांत तुमची रोजची आणखी एक गोळी तुम्हाला कोणी दिली नाही. ती आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं. आणि जिला ठाऊक असायला हवं होतं, ती बाहेर बाकावर बसून येईल त्याला सांगत होती की हमीदभाईंची तब्येत तशी ठणठणीत होती.

नंतर मी त्या डॉक्टरांकडे परत गेले. मान खाली घालून विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, त्यानं काही फरक पडला नसता. रक्तस्राव फार मोठा होता." माझं समाधान व्हावं म्हणून म्हणाले असतील, किंवा खरंही असेल. पण मी जे ठणकावून सांगितलं होतं ते त्या कागदावर अजून आहे. माझ्या सहीसकट.

मातीला मी आले होते. बायका आत जात नाहीत, म्हणून कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी राहिले. युसुफभाई, तुमचा धाकटा भाऊ, बाहेर आले तेव्हा त्यांच्या हाताला माती होती. ते मला म्हणाले, "मंदाताई, आमच्यापेक्षा तुम्हीच त्याला जास्त ओळखत होतात."  खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थोडं बरंही वाटलं. हे बरं वाटणं बरोबर एक आठवडा टिकलं.

आठवड्यानं तुमच्या वकीलबाईंनी मला शनिवार पेठेतल्या तुमच्या स्टुडिओत बोलावलं. माझ्यापुढे एक खाकी पाकीट ठेवलं. वर माझं नाव, तुमच्या त्या सुवाच्य अक्षरात. आत एचआयव्हीच्या औषधांची एक उपचारपुस्तिका होती. अशा पुस्तिका मी रोज भरते. त्यातल्या चौकटी मला पाठ आहेत. म्हणून आधी वाटलं, माझ्याच एखाद्या पेशंटची चुकून तुमच्याकडे राहिली असेल. मग नाव वाचलं. वय वाचलं. उपचार सुरू केल्याची तारीख बारा वर्षांपूर्वीची. केंद्र सातारा. आणि 'जवळची व्यक्ती' या ओळीत माझं नाव, माझा नंबर. नातं: बहीण.

बारा वर्षं मी तुमची जवळची व्यक्ती होते, हमीदभाई, आणि हे तुम्ही साताऱ्याला कळवलं होतंत. फक्त मला कळवायचं राहून गेलं.

तुम्ही नाटकांचे फोटो काढायचात. नाटकांचे, नाचाचे, तमाशाच्या तंबूतले. पोटासाठी लग्नांचे काढायचात. मी हडपसरच्या शेतकऱ्याची मुलगी, नोकरीला नवीन. आमच्या विभागाला एचआयव्हीवर पोस्टर करायची होती आणि साहेबांनी तुमचा पत्ता दिला होता. मी पहिल्यांदा तुमच्या जिन्यावरून वर आले तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "पोस्टरवर काय हवं आहे?" मी म्हणाले, "कवटी आणि लाल रंग. सगळे तेच करतात." तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "मग सगळ्यांकडेच जा ना, माझ्याकडे कशाला आलात?"

मी त्या दिवशी रागावून जिना उतरले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तिथून पुढे आपण गावोगाव फिरलो. तुमच्या जुन्या गाडीत मागे फोटोंच्या चौकटी, पुढे मी आणि माझी पत्रकं. शाळेत, बाजारात, साखर कारखान्याच्या आवारात आपण ती प्रदर्शनं लावली. तुम्ही फोटो लावायचात, मी बोलायचे. माझं एकच पालुपद असायचं: लपवू नका. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका तरी माणसाला सांगा. एका माणसाला सांगितलं की अर्धं ओझं उतरतं. हे मी किती गावांत बोलले असेन! आणि दर वेळी तुम्ही चार हातांवर उभे राहून ते ऐकत होतात.

माझ्या आईला तुम्ही आवडायचात. तुम्ही जेवायला आलात की ती बाजरीची भाकरी खास तुमच्यासाठी थापायची. एकदा मला म्हणाली, "मानूस लाख हाय, पन जेवान झालं की उठून कुटं जातो गं ह्यो?" मी म्हणाले, "फोन आला असेल." आठ वाजता तुमच्या फोनवर गजर व्हायचा आणि तुम्ही उठून बाहेर जायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "ब्लडप्रेशरची गोळी." मी म्हणाले, "ती तर तुम्ही सकाळी घेता." तुम्ही म्हणालात, "डॉक्टरनं दोन केल्या." आणि मी मान हलवली.

हमीदभाई, ही युक्ती माझी आहे. घरात कळू द्यायचं नसलेल्या प्रत्येक पेशंटला मीच सांगते: फोनवर गजर लावा, कोणी विचारलं तर ब्लडप्रेशरची गोळी म्हणा. आपल्या गाडीत, तुमच्या शेजारी बसून, मी कितीदा फोनवर कोणाला तरी हे सांगितलं असेल. तुम्ही गाडी चालवत ऐकलंत आणि माझ्यावरच वापरलंत.

आणि तो साताऱ्याचा वर्ग. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्ही साताऱ्याला जायचात. म्हणायचात, तिथे गरीब घरातल्या पाच-सहा मुलामुलींना फोटोग्राफी शिकवतो, फुकट. मला त्याचं इतकं कौतुक होतं की मी ते चारचौघांत सांगत असे. माझी लेक कॉलेजला गेल्यावर तिचा जुना कॅमेरा मी तुमच्याकडे दिला. म्हणाले, "तुमच्या साताऱ्याच्या मुलांना द्या." तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात. तेव्हा तरी बोलायचं होतंत.

पुस्तिका मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि एसटीनं साताऱ्याला गेले. तिथली समुपदेशक वैशाली माझ्या ओळखीची. माझ्या हाताखाली तिचं प्रशिक्षण झालं आहे. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणात ती भेटायची आणि हटकून विचारायची, "ताई, हमीदसर कसे आहेत?" मला वाटायचं, तुमच्या फोटोंची चाहती असेल.

तिच्या टेबलावर मी पुस्तिका ठेवली. तिनं ती उघडलीसुद्धा नाही. तिचे डोळे भरले.

"सर गेले ते पेपरात वाचलं," ती म्हणाली. "तुम्हाला फोन करावासा वाटत होता. पण काय म्हणून करणार?"

"बारा वर्षं तुला माहीत होतं."

"हो ताई."

"त्यात माझं नाव आहे, वैशाली. जवळची व्यक्ती म्हणून. एकदा तरी मला सांगायचं."

"सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नाव लिहा, पण फोन करायचा नाही."

"मी कोणी परकी होते?"

 ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हीच शिकवलंत. कोणीही विचारलं, अगदी आपल्या गुरूनं विचारलं, तरी सांगायचं नाही. तुम्ही असंच म्हणाला होतात. 'गुरूनं.' मी वहीत लिहून घेतलं होतं."

 तिनं अगदी बरोबर केलं होतं. माझ्या हाताखालच्या कुठल्याही मुलीनं तसंच करावं असं मला वाटतं. तरीही उठून तिच्या एक कानाखाली द्यावी असं मला वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. आपल्यात एकानं तरी लपवू नये.

मग तिनं मला बाहेरचा बाक दाखवला. म्हणाली, "आता आम्ही स्थिर पेशंटना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतो. सरांना दर महिन्याला यायची गरज नव्हती. तरी यायचे. सकाळी दहापासून दुपारपर्यंत इथे बसायचे. नवीन कोणी रडत बाहेर आलं की मी सांगायचे, त्या चष्मेवाल्या सरांजवळ जरा बसा. सर त्यांना स्वतःचं सांगायचे. कधी कळलं, पहिले सहा महिने कसे काढले, सगळं."

"स्वतःचं?"

"हो. अगदी मोकळेपणानं."

हमीदभाई, आजार लपवलात हे एक वेळ मी समजू शकते. माणसं लपवतात. माझा पगार त्याचाच आहे. पण तिथे त्या बाकावर, ज्यांचं नावसुद्धा तुम्हाला माहीत नव्हतं अशा माणसांना तुम्ही पहिल्या भेटीत सांगत होतात. साताऱ्यात तुम्ही मोकळे होतात आणि पुण्यात परत येताना, बहुधा शिरवळच्या आसपास, तोंड शिवून घेत होतात. साताऱ्याला वर्ग नव्हताच असं म्हणायचीही सोय तुम्ही ठेवली नाहीत. कॅमेऱ्याचं मी विचारलं. वैशाली म्हणाली, एका पेशंटच्या मुलीला दिला, ती आता लग्नांचे फोटो काढते. म्हणजे खोटंसुद्धा तुम्ही पूर्ण बोलला नाहीत.

मी तुमच्यापासून काय लपवलं होतं? भावांच्या सांगण्यावरून हडपसरच्या जमिनीवरचा हक्क सोडला, त्या दिवशी निबंधक कार्यालयातून मी सरळ तुमच्याकडे आले होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगायच्या आधी तुम्हाला सांगितलं. तुम्ही कागद नीट बघितलात आणि म्हणालात, "सही मात्र सुरेख आली आहे, मंदाबाई." मी रडता रडता हसले. पहिलं मूल पोटात गेलं ते तुम्हाला माहीत. नवऱ्याशी दोन वर्षं बोलत नव्हते ते माहीत. मी तुमच्यापुढे सगळं ओतत राहिले आणि तुम्ही ऐकत राहिलात. मला वाटलं याला मैत्री म्हणतात. आता वाटतं, मी तुमचीही पेशंटच होते की काय!

परत येताना एसटीत मी एकेक गोष्ट उकरून काढत होते. त्यातल्या दोन मला अजून सोडत नाहीत.

पहिली पुरंदरच्या बाजूच्या एका गावातली. तपासणी शिबिर होतं आणि कोणी पुढे येईना. मी माईकवरून म्हणाले, "चला, आधी आमचे फोटोग्राफर साहेब बोट पुढे करतील." तुम्ही म्हणालात, "माझ्या हातात कॅमेरा आहे." मी म्हणाले, "बघा, एवढा मोठा माणूस सुईला घाबरतो!" सगळं गाव हसलं. मी माझं बोट पुढे केलं, मग सरपंचांनी, मग रांग लागली. शिबिर चांगलं झालं. परतीच्या वाटेत मी तुम्हाला घाबरट म्हणून चिडवत राहिले, अगदी दिवे घाट उतरेपर्यंत. तेव्हा तुमच्या उपचारांना दोन वर्षं झालेली होती.

दुसरी रेखाची. रेखा हडपसरची, नवरा ट्रकवर होता, तो गेला आणि हिला आजार कळला. चेहरा दिसेल असा फोटो तुम्हाला हवा होता. आपला वाद जुनाच: मी म्हणायचे चेहरा झाका, तुम्ही म्हणायचात बिनचेहऱ्याच्या माणसावर कोणाची माया बसत नाही. रेखा हो म्हणाली. फोटो फार सुंदर आला, आजही मान्य करते. तो लागला आणि पंधरा दिवसांत घरमालकानं तिला बाहेर काढलं. मी तरातरा तुमचा जिना चढून आले आणि ओरडले, "चेहरा त्यांचा जातो, तुमचा नाही! तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागे. स्वतःवर आलं असतं म्हणजे कळलं असतं!"

तुम्ही लेन्स पुसत होतात. पुसतच राहिलात. मग म्हणालात, "रेखाला माझ्या वारज्याच्या फ्लॅटची किल्ली द्या. मी इथे झोपेन." ती आणि तिची मुलगी तिथे चार महिने राहिल्या आणि तुम्ही स्टुडिओच्या फरशीवर गादी टाकून झोपलात. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते. पण त्या दिवशी तुम्ही मला का थांबवलं नाहीत? एक वाक्य पुरलं असतं. त्या एका वाक्यानं माझी जीभ जन्माची गप्प झाली असती. का तेच नको होतं तुम्हाला? मी तशीच ओरडणारी राहावी, मऊ होऊ नये, दारातून आत येताना तुमच्याकडे पेशंटकडे बघतात तसं बघू नये?

हा आजार तुम्हाला कसा झाला, हा प्रश्न मी कोणालाच विचारत नाही. सव्वीस वर्षं झाली, विचारला नाही. तुमच्या बाबतीत मात्र तो माझ्या तोंडाशी येतो आणि मी तो गिळते. अजून गिळते आहे.

आणि एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण नुसता तुमच्यावर राग धरणं सोपं आहे. नोकरीचं माझं पहिलं वर्ष. किसन नावाचा एक पेशंट फोटोसाठी तुमच्या स्टुडिओत आला होता. मी सगळ्यांना चहा केला. तो गेल्यावर मी त्याचा कप वेगळा काढला, मोरीखाली ठेवला, आणि कोपरापर्यंत हात साबणानं धुतले. कपानं काही होत नाही हे मी त्याच दिवशी सकाळी चाळीस लोकांना सांगितलं होतं. वळून बघते तर तुम्ही दारात.  आत आलात, मोरीखालचा तो कप उचललात, विसळलात आणि त्यात स्वतःसाठी उरलेला चहा ओतलात.

त्यानंतर मी तसं कधी केलं नाही, हमीदभाई. किती पेशंटच्या ताटात जेवले ते तुम्ही पाहिलं आहे. पण तुम्हाला निदान कळलं त्या दिवशी, सांगू की नको असं वाटत असताना, डोळ्यांपुढे कोणती मंदा आली असेल? मोरीपाशी हात धुणारी? तसं असेल तर चौदा वर्षं मी जे वागले ते काहीच नव्हतं का? आणि तसं नसेल तर कारण दुसरं काय? हे मी तुम्हाला विचारूही शकत नाही. माणसानं भांडण अर्धवट सोडून असं निघून जायचं नसतं.

आता तुम्ही काढायला सांगितलेल्या विश्वस्त संस्थेचं. वकीलबाईंनी तुमच्या मृत्युपत्राचा कागद वाचून दाखवला. वारज्याचा फ्लॅट विकायचा. शनिवार पेठेतला स्टुडिओ ठेवायचा. ज्यांना तालमीला जागा मिळत नाही अशा नाटकवाल्यांना, नाचणाऱ्यांना, तमाशातल्या मुलींना तो फुकट द्यायचा. बदल्यात प्रत्येकानं वर्षातून एक प्रयोग एचआयव्हीवर करायचा, आम्ही सांगू त्या गावात. तुम्ही हे मागे बोलला होतात तेव्हा मी म्हणाले होते, "नाटकं बघून का कोणी तपासणीला येतं?" तुम्ही म्हणाला होतात, "तुमची पत्रकं वाचून येतात का? त्याच्यात भेळ बांधतात." या संस्थेवर तुम्ही मला नेमलंत. मला न विचारता. मी नाही म्हणणार नाही हे तुम्हाला माहीत होतं आणि मी नाही म्हटलंही नाही.

पण शेवटचं कलम होतं पत्र्याच्या एका डब्याबद्दल. त्यात पासपोर्ट आकाराचे फोटो होते, एका माणसाचे, तुमचे. मागे तारखा. सातारा स्टँडजवळच्या कुठल्या तरी साध्या दुकानात काढलेले, निळा पडदा, चेहऱ्यावर सरळ फ्लॅश. जन्मात कोणाला स्वतःचा फोटो काढू न देणारा माणूस दर महिन्याला गोळ्या घेऊन एका पासपोर्टवाल्यासमोर स्टुलावर बसत होता. पहिल्या फोटोत गालफडं बसलेली. मग हळूहळू चेहरा भरत गेलेला. मग केस पिकत गेलेले. बारा वर्षांचं म्हातारपण, औषधानं मिळालेलं. कागदावर लिहिलं होतं: संस्थेचं पहिलं प्रदर्शन या फोटोंचं असावं. लावायचे की नाही, ते मंदाबाई ठरवतील.

मी त्या दिवशी डबा बंद केला आणि वकीलबाईंना म्हणाले, "हे मला जमणार नाही." जन्मभर इतरांची गुपितं सांभाळली. तुमचं गुपित तुम्ही माझ्यापासून सांभाळलंत आणि फोडायचं काम मात्र माझ्याकडे. हा कुठला न्याय?

तुमच्या चाळिसाव्या दिवसानंतर युसुफभाईंच्या दुकानात गेले. त्यांना वकीलबाईंकडून कळलेलंच होतं. मला वाटलं ते म्हणतील, लोक काय म्हणतील, घराण्याचं नाव जाईल. नेहमी ऐकते तेच. त्यांनी गिऱ्हाइकाला कुलूप-कोयंडा दिला, पैसे घेतले, आणि तो गेल्यावर म्हणाले, "मंदाताई, फोटो लावू नका."

"का?"

"आजाराची लाज वाटते म्हणून नाही. अहो, मी त्याचा सख्खा भाऊ. दर ईदला आम्ही एका ताटात जेवलो. उद्या लोक विचारतील, युसुफभाई, तुम्हाला कधी कळलं? मी काय सांगू? वकिलाकडून?"

मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले. मलाही हेच होत होतं, हमीदभाई. माझा राग, माझी तत्त्वं, पेशंटचा गुप्ततेचा हक्क, हे सगळं मी महिनाभर मनात घोळवत होते. पण खालचं खरं एवढंच होतं: ते फोटो लागले की साऱ्या पुण्याला कळणार, मंदाबाईंना माहीत नव्हतं. ज्यांच्याजवळ हजार माणसांनी सांगितलं, त्यांच्या शेजारी बसणाऱ्यानं सांगितलं नाही.

मी म्हणाले, "युसुफभाई, मलाही वकिलाकडूनच कळलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पण नाही?"

"नाही."

ते बराच वेळ खिळ्यांच्या खोक्यावर बोट वाजवत बसले. मग म्हणाले, "मग आपण तेच लिहू."

गेल्या रविवारी स्टुडिओत प्रदर्शन उघडलं. सगळे फोटो एका ओळीत, तारखेप्रमाणे. शेवटी भिंतीवर एक कागद, युसुफभाईंच्या हातचा. ते शाळेत तुमच्या एवढं सुंदर लिहायला शिकले नाहीत, अक्षर वाकडं आहे. 'हा माझा मोठा भाऊ हमीद. बारा वर्षं तो एचआयव्हीचं औषध घेत होता आणि बरा जगला. त्यानं आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आम्ही काय केलं असतं, ते आम्हाला माहीत नाही.' खाली मी लिहिलं: 'मलाही सांगितलं नाही. मी समुपदेशक आहे.'

तुमच्या ओळखीचे एक ज्येष्ठ नट आले होते. वाचून मला बाजूला घेतलं. "मंदाबाई, हे बरं दिसत नाही. मृत्यूनंतर असं? काही कौतुकाचं लिहा." युसुफभाई मागेच उभे होते. म्हणाले, "कौतुक तुम्ही करा ना, साहेब. चांगलं करता तुम्ही."

दुपारी साताऱ्याहून एक जीप आली. वैशालीबरोबर सात-आठ माणसं. त्यातली एक पन्नाशीची बाई भिंतीवरच्या एका फोटोपाशी थांबली, मागची तारीख काय म्हणून विचारलं, आणि म्हणाली, "ह्याच्या आदल्या महिन्यात मी पहिल्यांदा गेले होते तिथं. सरांनी मला बाकावर बसवलं होतं." युसुफभाई तिच्याजवळ गेले. सत्तरीचा माणूस, टोपी हातात, एखाद्या पोरासारखं तिला विचारू लागला, "काय बोलला तो? नीट आठवून सांगा. काय काय बोलला?"

ती सांगू लागली. तुम्हाला कळलं त्या दिवशी तुम्ही संध्याकाळपर्यंत रंकाळ्यावर बसला होतात म्हणे, कोल्हापूरला, कारण पुण्यात तपासणी करायचा धीर झाला नाही. मग एका भजीवाल्यानं विचारलं, दुपारपासून बसलाय, घरी कोणी नाही का? तुम्ही म्हणालात, एक बहीण आहे. तो म्हणाला, मग जा की तिच्याकडं. तुम्ही निघालात. सकाळी पुण्याला आलात, माझ्या रुग्णालयाच्या दारापर्यंत आलात. खिडकीतून मी दिसत होते, एका बाईशी बोलत होते. तुम्ही तिथून परत फिरलात.

युसुफभाईंनी विचारलं, "का परत फिरला?"

ती बाई म्हणाली, "ते नाही सांगितलं सरांनी. एवढंच म्हणाले की तुम्ही असं करू नका."

मी तिथेच उभी होते. तिला माहीत नव्हतं मी कोण. मी भिंतीला पाठ टेकवली आणि पुढचे लोक आत येऊ दिले.

राग गेलेला नाही, हमीदभाई. जाईल असंही वाटत नाही. स्टुडिओची किल्ली माझ्याकडे आहे. मंगळवारपासून धायरीच्या मुलींचा एक गट तालमीला येतो आहे, फार गोंगाट करतात. तुमचं काम मी करीन, पण तुम्हाला माफ करण्याच्या अटीवर नाही.

राहिला तो भिंतीवरचा कागद. फोटोजवळ शब्द लिहिणं तुम्हाला आयुष्यात खपलं नाही. म्हणायचात, फोटोतून कळत नसेल तर ओळीतून काय कळणार! तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही तो कागद फाडला असतात. पण तुम्ही मला काही विचारलं नाहीत. म्हणून मीही नाही विचारलं.

मंदा